विश्लेषण : मोलेचं जंगल वाचलं, मग वास्कोची धूळ का हटली नाही? गोव्यातल्या कोळशाने गावं कशी दुभंगली?

१ नोव्हेंबर २०२० ची रात्र. दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात रेल्वेमार्गाजवळ हजारो लोक जमले होते. हातात मेणबत्त्या होत्या, तोंडी गाणी होती. त्या रात्री रेल्वेला दुहेरी मार्गाचं काम करायचं होतं आणि लोकांना ते होऊ द्यायचं नव्हतं. पहाटेपर्यंत कुणी हललं नाही. या गर्दीत विशी-पंचविशीतली मुलं-मुली ठळकपणे दिसत होती. नंतर काही आयोजकांवर गुन्हेही दाखल झाले.

दीड वर्षाने, ९ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या दुहेरी रेल्वेमार्गाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. ज्यांनी लॉकडाऊनमध्ये घरात बसून पत्रं लिहिली, पोस्टर काढली आणि नंतर रात्र रुळांजवळ काढली, त्यांच्यासाठी हा मोठा विजय होता.

पण त्याच रेल्वेने पश्चिमेला निघालात तर शेवटचं स्थानक लागतं वास्को-द-गामा. तिथे मुरगाव बंदर आहे आणि कोळसा तिथेच उतरतो. न्यायालयाच्या निकालाने तिथल्या धक्क्यावरचे कोळशाचे ढीग हलले नाहीत. ज्या आंदोलनाचं नावच ‘गोंयांत कोळसो नाका’ आहे, त्याला जंगल वाचवता आलं, पण कोळसा थांबवता आला नाही. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी हा कोळसा कुणाचा आणि तो कुठे जातो, ते पाहावं लागेल.

कोळसा गोव्यात येतोच कशाला?

गोव्यात कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र नाही. मुरगावला उतरणारा बराचसा कोळसा हा पोलाद बनवण्यासाठी लागणारा कोकिंग कोळसा असतो. भारतात कोळसा भरपूर असला तरी चांगल्या प्रतीचा कोकिंग कोळसा कमी आहे, म्हणून तो ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून जहाजाने येतो. उत्तर कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या तोरणगल्लूला देशातला एक मोठा पोलाद कारखाना आहे. त्या पट्ट्याला जवळचं बंदर म्हणजे मुरगाव. जहाजातून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत आणि मग मडगाव, कुळे, दूधसागर, कॅसलरॉक करत घाटावर, असा हा प्रवास आहे.

बंदरातले दोन कोळसा टर्मिनल खासगी कंपन्यांकडे आहेत: एक जेएसडब्ल्यू समूहाच्या साऊथ वेस्ट पोर्टकडे, दुसरं अदानी समूहाकडे. बंदर स्वतः केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. ‘गोव्याला कोळसा लागतच नाही’ हे वाक्य आंदोलनात वारंवार ऐकू येतं. ते बरंचसं खरं आहे, पूर्ण नाही. डिचोली तालुक्यात आमोणे-न्हावेली भागात कच्चं लोखंड बनवणारा कारखाना आहे आणि त्याला कोक लागतो. शिवाय गोव्यातल्या घराघरांत येणारी बरीच वीज राज्याबाहेरच्या औष्णिक केंद्रांतून येते. तो कोळसा छत्तीसगडमध्ये जळतो म्हणून डोळ्याला दिसत नाही, इतकंच.

रेल्वेमार्ग दुहेरी करण्यावरून एवढा वाद का?

हा भाग थोडा हिशेबाचा आहे. इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला मोह आवरत नाही, सांभाळून घ्या.

कोळशाच्या एका मालगाडीला साधारण ५८ वाघिणी असतात आणि एका वाघिणीत ६० टनांच्या आसपास माल बसतो. म्हणजे एका फेरीत सुमारे ३,५०० टन. वर्षाला एक कोटी टन कोळसा रेल्वेने न्यायचा तर साधारण २,८५० फेऱ्या लागतील, म्हणजे रोज आठ भरलेल्या गाड्या आणि तेवढ्याच रिकाम्या परत. आता २०१७ च्या वादात सर्वाधिक फिरलेला आकडा घ्या. बंदराच्या आणि ‘सागरमाला’च्या विस्तार आराखड्यांच्या आधारे आंदोलक सांगत होते की, पुढे वर्षाला पाच कोटी टनांच्या वर कोळसा येऊ शकतो. त्या हिशेबाने रोज ३९ भरलेल्या गाड्या होतात. एकेरी मार्गावर हे अशक्य आहे. म्हणून दुहेरी मार्गाचं नाव निघालं की सासष्टीतल्या माणसाला कोळसा दिसतो. सरकार ‘प्रवाशांची सोय’ म्हणतं, गाव मनातल्या मनात वाघिणी मोजतं.

कुळे ते कॅसलरॉक हा घाटाचा टप्पा पोर्तुगीज काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. त्याचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या भाषेत हा फार तीव्र चढ. भरलेली मालगाडी चढवायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. एवढं जंगल तोडून रेल्वेजाळ्यातल्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता थोडीशीच वाढणार, मग हा घाट कशासाठी, असा समितीचा सूर होता. न्यायालयाने पुढे तो मान्य केला.

जंगलाचा मुद्दा भावनेचा असतो, असं आपण सहज म्हणतो. इथे चढाच्या गणितानेही जंगलाची बाजू घेतली.

तरुण या वादात कसे आले?

वास्कोच्या लोकांची तक्रार जुनी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर काळी पूड, दोरीवरचे कपडे संध्याकाळी झटकायचे, पाय पुसले की फडकं काळं. एप्रिल २०१७ मध्ये बंदराच्या विस्तार प्रकल्पांवर जनसुनावणी झाली, ती अनेक दिवस चालली आणि विरोधाचा सूर राज्यभर पोहोचला. त्याच वर्षी एका राष्ट्रीय इंग्रजी दैनिकाने कोळशाच्या या संपूर्ण मार्गावर वृत्तमालिका केली. २०१८ च्या सुरुवातीला गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने दोन खासगी टर्मिनलपैकी एकाला परवानगीपेक्षा जास्त कोळसा हाताळल्याच्या कारणावरून संमती नाकारली. पुढे काम पुन्हा सुरू झालं.

या टप्प्यात पुढे होते ते मुख्यतः मच्छीमार, रेल्वेमार्गालगतच्या गावांतले ज्येष्ठ, जुने कार्यकर्ते. चित्र बदललं ते २०२० मध्ये.

एप्रिल २०२० मध्ये, देश लॉकडाऊनमध्ये असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने झाली. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचं जंगल होतं. त्याच्याशी संबंधित तीन प्रकल्प एकत्र चर्चेत आले: दुहेरी रेल्वेमार्ग, पणजी-बेळगाव महामार्गाचं चौपदरीकरण आणि छत्तीसगडच्या तमनारहून वीज आणणारी ४०० केव्हीची वाहिनी. ज्या मुलांची कॉलेजं बंद होती, ज्यांचं ऑफिस घरी आलं होतं, त्यांनी ही कागदपत्रं डाउनलोड करून वाचायला सुरुवात केली. संशोधकांनी पर्यावरण अहवालांतल्या चुका काढल्या, चित्रकारांनी मोलेतल्या प्राण्यांची चित्रं काढली, वकिली शिकणाऱ्यांनी कायद्याची कलमं सोप्या भाषेत मांडली. ‘आमचें मोलें’ हे नाव फोनच्या स्क्रीनवरून पसरलं.

या मुलांनी कोळशाचा प्रश्न धुळीपुरता ठेवला नाही. तो जंगल, पाणी, गाव आणि निर्णय कोण घेतं यांच्याशी जोडला. त्यामुळे वास्कोपासून लांब राहणारी, कधी बंदर न पाहिलेली मुलंही त्यात आली. पण या जोडणीचा एक तोटाही झाला, त्याकडे पुढे येऊ.

मग गाव फुटतं कुठे?

बातम्यांत हा वाद ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असा दोन ओळींत मांडला जातो. जमिनीवर भेगा दोनापेक्षा बऱ्याच जास्त आहेत.

पहिली भेग बंदराच्या फाटकावर आहे. मुरगाव बंदर वर्षानुवर्षं लोहखनिजाच्या निर्यातीवर जगलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालानंतर त्या पुन्हा सुरू होत असतानाच, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद झाल्या. खनिज गेलं तसा बंदराचा मोठा ग्राहक गेला. उरलेल्या मालात कोळशाचं वजन वाढलं. त्यामुळे बंदरात नोकरीला असलेला, तिथून निवृत्त झालेला, ट्रक चालवणारा, क्रेनवर काम करणारा, फाटकाबाहेर चहाची टपरी लावणारा माणूस ‘कोळसा नको’ ऐकतो तेव्हा त्याला ‘पगार नको’ असं ऐकू येतं. धूळ त्याच्याही घरात येते. पण धूळ कुणी कापून घेत नाही, पगार कापला जाऊ शकतो.

दुसरी भेग वास्कोच्याच किनाऱ्यावर आहे. खारीवाड्यासारख्या भागातले मच्छीमार बंदराच्या विस्ताराच्या विरोधात उभे राहिले, कारण धक्का वाढला की होड्या लावायची जागा आणि मासेमारीचा पट्टा आकसतो. त्यांची लढाई हवेइतकीच समुद्राच्या जागेसाठी आहे. उद्या बंदराने कोळसा सोडून दुसरा कुठलाही माल आणला, तरी त्यांचा प्रश्न सुटणार नाही. म्हणजे ‘कोळसो नाका’ म्हणणाऱ्यांतही कुणाला कोळसा नको आहे आणि कुणाला विस्तार नको आहे.

तिसरी भेग सर्वांत खोल आहे आणि तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं. ती आहे किनारपट्टी आणि खाणपट्टा यांच्यात. सावर्डे, कुळे, धारबांदोडा, सांगे, डिचोली इथली हजारो कुटुंबं खाणींवर आणि ट्रकांवर होती. कर्ज काढून ट्रक घेतले, खाणी थांबल्या, हप्ते थांबले नाहीत. मार्च २०१८ मध्ये खाण अवलंबित पणजीत उतरले आणि पुलांवरची वाहतूक ठप्प झाली, ते दृश्य गोव्यातल्या कुणाला विसरता येणार नाही.

आता त्या ट्रकवाल्याच्या जागी बसून बघा. खाणींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली संस्था होती गोवा फाउंडेशन. मोलेच्या प्रकल्पांविरुद्ध केंद्रीय समितीपुढे अर्ज करणारी संस्थाही गोवा फाउंडेशनच. तेव्हा ‘मोले वाचवा’चं पोस्टर घेऊन कुणी शहरातली मुलं कुळ्यात आली, तर तिथल्या माणसाला ती आपल्या पोटावर आधी आलेल्या याचिकेचीच पुढची पिढी वाटते. खाणींचा निकाल बेकायदा उत्खननावर होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्याचा ट्रक अंगणात गंजला त्याला हे समजावून सांगायला बहुतेकदा कुणी गेलंच नाही.

या भेगेवर धर्माचा आणि राजकारणाचा रंग चढवणं सोपं आहे. सासष्टीच्या किनारी गावांत कॅथलिक समाज मोठा, खाणपट्ट्यात हिंदू समाज मोठा. त्यामुळे ‘हे आंदोलन अमुक लोकांचं’ अशी कुजबुज कायम असते. रेल्वेमार्गालगतच्या घरांना हादरे बसतात ते धर्म विचारून नाहीत. पण कुजबूज चालते, आणि निवडणुकीत ती कामाला येते.

चौथी भेग घराच्या आत आहे. रेल्वेत किंवा बंदरात आयुष्य काढलेले वडील आणि चांदरला रात्र काढून आलेली मुलगी एकाच टेबलावर जेवतात. वडिलांच्या निवृत्तिवेतनातून तिची फी भरलेली असते. दोघेही आपापल्या जागी खोटं बोलत नसतात.

‘आमचा गोवा’ म्हटल्यावर बाहेर कोण राहतं?

वास्को हे बंदरामुळे आणि रेल्वेमुळे वाढलेलं शहर. सडा, बायणा, बोगदा या भागांत कर्नाटकातून, महाराष्ट्रातून, उत्तर भारतातून आलेली कुटुंबं राहतात. सिंधुदुर्गातल्या किती घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात कामाला आहेत, हे सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या वाचकाला सांगायची गरज नाही. दामोदराच्या भजनी सप्ताहाला वास्कोत जी गर्दी उसळते तिच्यात गोव्याबाहेर मुळं असलेली माणसंही असतातच.

धक्क्याला सर्वांत जवळ, म्हणजे धुळीला सर्वांत जवळ, यांतली बरीच वस्ती आहे. आणि आंदोलनाची भाषा मात्र बऱ्याचदा ‘नीज गोंयकार’ आणि ‘भायले’ अशी विभागणी करणारी. मोठ्या कंपन्यांना आणि दिल्लीला उद्देशून ‘भायले’ म्हटलं जातं, हे मान्य. पण बायण्याच्या चाळीत राहणाऱ्या कन्नड किंवा मराठी बोलणाऱ्या कामगाराला त्यात आपल्याला जागा आहे असं वाटेल का? जो सर्वांत जास्त धूळ खातो तो मोर्चात सर्वांत कमी दिसतो. त्याची कारणं रोजंदारी आणि भीती तर आहेतच, पण माझ्या मते भाषा हेही एक कारण आहे. इन्स्टाग्रामवरची सुंदर इंग्रजी पोस्टर त्याच्यापर्यंत पोहोचली नाहीत, आणि जंगलाचा, वारसा-घरांचा, गावपणाचा जो मुद्दा राज्यभर चालला, तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला आपला वाटला नाही.

आंदोलकांना ‘बाहेरच्यांनी फूस लावलेले’ म्हणून हिणवलं गेलं, तेही याच शब्दाने. ‘भायले’ हा शब्द गोव्यात दोन्ही बाजूंनी फेकता येतो.

धूळ दिसते, मग आकड्यात का येत नाही?

वास्कोत दोन वाक्यं एकाच वेळी ऐकू येतात. रहिवासी म्हणतात, घर काळं होतं. यंत्रणा म्हणतात, हवेची पातळी बहुतेक वेळा मर्यादेत आहे. कुणीतरी एक जण खोटं बोलतोय असं वाटतं. तसं असेलच असं नाही, आणि हे समजणं महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे हवेचे सध्याचे राष्ट्रीय निकष २००९ चे आहेत. त्यात धुळीसाठी दोन मापं आहेत: पीएम १० आणि पीएम २.५. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पीएम १० ची मर्यादा २४ तासांसाठी प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे. २००९ पूर्वी हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीचंही वेगळं माप होतं. नव्या निकषांत ते काढून टाकलं. आरोग्याच्या दृष्टीने त्यात तर्क होता, कारण बारीक कण फुप्फुसात खोल जातात, जाडे कण नाकात-घशात अडकतात.

पण कोळशाचा ढीग हलवताना, वाघीण भरताना, ट्रकमधून सांडताना उडणाऱ्या पुडीतला मोठा वाटा जाड्या कणांचा असतो. ती पूड थोडं अंतर जाऊन खाली बसते: खिडकीच्या कट्ट्यावर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या माशांवर. पीएम १० मोजणारं यंत्र ती मुद्दाम गाळून टाकतं, कारण त्याची रचनाच तशी आहे. खाली बसणाऱ्या धुळीसाठी हवेच्या राष्ट्रीय निकषांत मर्यादाच नाही. म्हणून बाईच्या हातातलं काळं फडकं खरं असू शकतं आणि मंडळाचा हिरवा आकडाही खरा असू शकतो. फडकं पुरावा म्हणून चालत नाही, एवढाच फरक.

दुसरी अडचण, पीएम १० चा आकडा धुळीचं वजन सांगतो, तिचं मूळ गाव सांगत नाही. रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा धूर, बांधकाम, समुद्राचं मीठ, कोळसा, सगळं एकत्र मोजलं जातं. त्यातला कोळशाचा वाटा काढायला वेगळा रासायनिक अभ्यास लागतो आणि तो यंत्र कुठे ठेवलं, कुठल्या महिन्यात ठेवलं, वारा कुठला होता यावर बदलतो. पावसाळ्यात गोव्याची हवा धुऊन निघते, मार्चमध्ये नाही. त्यामुळे प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचा अभ्यास सापडतो. मग वाद धुळीवरून सरकून अभ्यासावर येतो, आणि सामान्य माणूस कंटाळून निघून जातो.

मोलेत जमलं ते वास्कोत का जमत नाही?

मोलेचा प्रकल्प नवा होता. तो व्हायचा होता, म्हणून थांबवता आला. अभयारण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्यासाठी स्वतंत्र मंडळ आहे, आणि जंगलाच्या प्रश्नांवर तेव्हा सर्वोच्च न्यायालयाची स्वतःची समिती होती. तरुणांनी अहवालांतल्या त्रुटी दाखवल्या तेव्हा त्या ऐकायला कायद्याने बांधलेलं एक टेबल अस्तित्वात होतं.

वास्कोचा कोळसा आधीपासून येतो. त्याच्याकडे परवाने आहेत. चालू कामाला विरोध करायचा तर परवान्यातली अट मोडली हे दाखवावं लागतं, आणि दर वेळी नव्याने दाखवावं लागतं. शिवाय दाद मागायची कुणाकडे, हाही घोळ. बंदर केंद्राचं, रेल्वे केंद्राची, हवेची संमती राज्याच्या मंडळाची, रस्त्यावर सांडलेला कोळसा झाडणं नगरपालिकेचं. प्रत्येकाकडे दुसऱ्याचा पत्ता तयार असतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आंदोलन तापलं असताना मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी मुरगावची कोळसा हाताळणी निम्म्यावर आणण्यासाठी प्रयत्न करू अशी भूमिका घेतली होती. पण बंदर राज्याच्या हातात नाही, त्यामुळे ‘प्रयत्न’ हाच त्यातला मुख्य शब्द होता.

आणि माझ्या मते सर्वांत मोठं कारण वरच्या भेगांमध्ये आहे. मोलेच्या जंगलातल्या झाडांवर थेट कुणाचा महिन्याचा पगार नव्हता. वास्कोत आहे. पगाराला पर्याय काय, या प्रश्नाचं उत्तर आंदोलनाने तपशिलात दिलं नाही, आणि सरकारनेही दिलं नाही. प्रवासी जहाजं, कंटेनर, इतर स्वच्छ माल असे शब्द भाषणांत येतात. कोळसा हटल्यावर कुठल्या धक्क्यावर किती माणसांना काय काम मिळेल, असा कागद मात्र फाटकावरच्या कामगारासमोर कुणी ठेवलेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं का वाटेल?

गंमत म्हणजे चांदरचं प्राचीन नाव चंद्रपूर. आपल्या विदर्भातल्या चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. तिथे एकाच केंद्राविरुद्ध दोन वेगळी आंदोलनं होतात: एक प्रदूषण थांबवा म्हणणाऱ्यांचं, दुसरं आमची जमीन घेतली, आता नोकरी द्या म्हणणाऱ्या प्रकल्पग्रस्तांचं. दुसऱ्या आंदोलनातल्या तरुणाला पहिल्या आंदोलनातल्या तरुणाचं यश परवडणारं नसतं. नागपूरजवळ कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तिथेही समर्थक आणि विरोधक समोरासमोर होते.

फरक इतकाच की चंद्रपूर-कोराडीत कोळसा जळतो आणि त्यातून राज्याला वीज मिळते. वास्कोत कोळसा नुसता जातो.

आता पुढे काय?

२०२२ च्या निकालाने रेल्वेचं दार कायमचं बंद केलेलं नाही. जैवविविधतेवरच्या परिणामांचा नीट अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आहे. निकाल घाटातल्या टप्प्याचा होता. खाली वेळसाव, कासावली, माजोर्डा, चांदर या पट्ट्यात दुहेरी मार्गाच्या कामावरून रहिवासी आणि रेल्वे यांच्यातला संघर्ष त्यानंतरही सुरू राहिला, आणि तिथे अभयारण्याचं कवच नाही. वीजवाहिनीसाठी नवा पट्टा तोडण्याऐवजी जुन्या वाहिनीचा मार्ग वापरावा असं समितीने सुचवलं होतं. दरम्यान २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. खनिज पूर्वीच्या प्रमाणात बंदरात परतलं, तर कोळशावरचं अवलंबन कमी होऊ शकतं. पण खनिजाचे ट्रक आणि त्यांची लाल धूळ, हा डिचोली-सावर्ड्यातला जुना वाद मग नव्याने उभा राहील.

वास्कोत राहत असाल किंवा तिथे तुमचं कुणी असेल, तर दोन कागद पाहण्यासारखे आहेत. एक, प्रदूषण नियंत्रण मंडळ टर्मिनलना देतं ती संमती: वर्षाला किती टन हाताळायची परवानगी आहे, ढीग झाकण्याची आणि पाणी मारण्याची अट काय आहे, मुदत कधी संपते. नूतनीकरणाच्या वेळी टनांच्या आकड्यात झालेला बदल हा कुठल्याही भाषणापेक्षा नेमकं सांगतो की कोळसा वाढतोय की कमी होतोय. दुसरा कागद म्हणजे हवेच्या नोंदी. त्यात पीएम १० चा रकाना सापडेल, पीएम २.५ चाही सापडेल. खिडकीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पुडीसाठी रकाना नाही.